कात्रीने नेलेले गळे

आमच्या शहराचं एक चकचकीत मासिक होतं. नवी हॉटेलं, नव्या फॅशन, असं सगळं त्यात यायचं. ते बंद पडून वर्षं लोटली. परवा वाचनालयात त्याचे जुने अंक चाळत होते, तर फॅशनच्या पानापानावर चौकोनी भोकं!

"ब्लाउजचे गळे होते तिथे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बायका कापून शिंप्याकडे न्यायच्या. ओरडून थकलो आम्ही."

मी थक्क झाले. संपादकांची भारदस्त मनोगतं जागच्या जागी, कोरी करकरीत. आणि गळे मात्र लग्नाकार्यांत, बसच्या रांगांत मिरवायला गेलेले. एका भोकाखाली ओळ तेवढी उरली होती: 'मागे मटका गळा, नाडीला मोत्यांचे गोंडे.'

अंक ठेवायला बाई वळल्या. पाठीवर मटका गळा, मोत्यांचे गोंडे डुलताहेत. ते बंद पडलेलं मासिक माझ्या डोळ्यांदेखत कपाटापर्यंत चालत गेलं.