शाई कुणाची?

माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा लातूरच्या आत्यानं मला एक पेन दिलं. काळं, जड, सोनेरी निबेचं, मखमली डबीतलं. आत्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. उभ्या नोकरीत तिनं पेशंटच्या कागदांवर साध्या बॉलपेननं सह्या केल्या. घरात लेखिका निघाली म्हणून ती लातूरच्या मोठ्या पेनच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "सगळ्यात चांगलं दाखवा." त्याच कंपनीची शाईची बाटलीही घेतली, एकाच पावतीवर.

पेन दोन ओळी लिहायचं आणि कोरडं पडायचं. टोपण काढावं तर आत शाईचं डबकं. मी धुतलं, पुसलं, पुन्हा भरलं. दोन ओळी, मग कोरडं. माझी बोटं निळी झालेली पाहून नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या बायका विचारायच्या, "मतदान करून आलीस का गं?"

शेवटी लातूरला गेले. आत्या माझ्याबरोबर दुकानात आली, पावती पदराला बांधल्यासारखी मुठीत घेऊन. दुकानदारानं पेन उघडलंसुद्धा नाही.

"मावशी, हे काय बॉलपेन हाय का दाबून लिहायला?"

"दाबलं न्हाई कुणी," आत्या म्हणाली.

"मग शाई लोकल भरली असंल."

"शाई तुमच्याच दुकानातली हाय. पावती बघा."

तो हसला. दुकानात गिऱ्हाईक होतं, क्लासेसची पोरं होती, त्यांच्याकडं बघत हसला. "मावशी, भारी वस्तू घ्यायला पैसा लागतो, पण वापरायला शिकावं लागतंय. राग मानू नका."

आत्यानं राग मानला नाही. एखाद्या डॉक्टरनं वॉर्डात आवाज चढवला तर त्याला बाहेर नेऊन दोन शब्द सुनावणारी ही बाई त्या काउंटरसमोर गप्प झाली, आणि घरी परतताना रिक्षात म्हणाली, "माझंच चुकलं का गं? मला कुठं कळतं पेनातलं." त्या वाक्यानं मला जो राग आला तो पेनासाठी नव्हता. पेन गेलं खड्ड्यात. आत्याचं चुकलं नव्हतं, हे त्या कंपनीच्या तोंडून मला हवं होतं.

पेन मुंबईला कंपनीकडं गेलं. बऱ्याच दिवसांनी परत आलं, जसंच्या तसं कोरडं, वर टोपणावर एक नवा ओरखडा. सोबत इंग्रजीतला कागद: अयोग्य शाईचा वापर, निष्काळजी हाताळणी, वॉरंटी लागू नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. पप्पा बिलोली तालुक्यात शाळामास्तर होते आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. अडकलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातलं अळ्यांचं वरण, स्मशानाची वाट नांगरून टाकणारा शेतवाला. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. तेव्हा दुसरं काय सुचणार? एका बैठकीत पत्रक लिहून पप्पांपुढं ठेवलं.

पप्पांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि खोडायला लागले. "लुटारू" गेला. "नफेखोर गिधाडं" गेली.

"पप्पा, राग काढून टाकलात तर उरलं काय?"

"राग तुझा हाय. पत्रक लोकांचं असतंय. ह्यात पावती कुठंय?"

"पावतीत काय विशेष?"

"कंपनी म्हणते शाई अयोग्य. शाई कुणाची?"

तेच मथळ्यात घेतलं: शाई कुणाची? खाली सरळ मजकूर. पेन आणि शाई एकाच कंपनीची, एकाच पावतीवर. कंपनी लेखी म्हणते ही शाई या पेनाला अयोग्य. मग ती विकता कशाला? आणि विकत घेणाऱ्या बाईला वापरायला शिका म्हणता कशाला? शिव्यांपेक्षा हे जास्त झोंबणारं होतं, हे मला छापल्यावर कळलं.

मला ते लगेच फोनवरून सगळीकडं टाकायचं होतं. पप्पांनी अडवलं. आमच्या घरचा रिवाज आहे: ज्याच्याविरुद्ध पत्रक, पहिली प्रत त्याच्या हातात, आपण स्वतः जाऊन. मग आठवडाभर थांबायचं. त्यानं चूक मान्य केली तर पत्रक वाटायचं नाही. नाही केली तर चौकात उभं राहून वाटायचं. "पाठीमागून वाटतो तो भांडत नसतो, चहाड्या करतो," पप्पा म्हणायचे. स्मशानाची वाट नांगरणाऱ्याच्या वाड्यावरही ते पहिली प्रत घेऊन एकटे गेले होते.

मी लोहा-अहमदपूर करत लातूरला गेले आणि दुकानदाराच्या हातात प्रत दिली.

"पेनासाठी पत्रक?" तो खो खो हसला. "ताई, लोक पाण्यासाठी काढतेत. घ्या, चहा घ्या."

"वाचा आधी."

तो वाचायला लागला. अर्ध्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. मागच्या कपाटात त्याच शाईच्या बाटल्या रांगेनं उभ्या होत्या. बाहेर क्लासेसच्या गल्लीत नवी पोरं, त्यांचे आईबाप, सगळ्यांच्या हातात खरेदीच्या पिशव्या.

"हे कुठं वाटणार?"

"तुमच्या दारात."

चहा त्यानं स्वतःच परत पाठवला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, नांदेडला परत येईपर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते.

दुकानदारानं वर कळवलं असणार, दोनच दिवसांत मुंबईहून कंपनीच्या एका मॅडमचा फोन आला, आवाज साखरेच्या पाकातला. अपवाद म्हणून, सद्भावना म्हणून, ते मला नवं पेन देणार होते. फक्त माझी काही तक्रार नाही असं लिहून द्यायचं होतं.

"सद्भावना नको," मी म्हणाले. "हेच पेन दुरुस्त करा. आणि आधीचा अहवाल चुकीचा होता, असं माझ्या आत्याच्या नावानं लिहून पाठवा. मराठीत."

"पण मॅडम, पेन तर तुम्ही वापरता ना?"

"पेन मी वापरते. अपमान तिचा झालाय."

आठवडा संपायच्या आत त्यांनी पेन मागवून घेतलं. परत आलं तेव्हा ते पानभर न अडखळता चाललं. सोबत कागद: निबेला शाई पोचवणारा भाग कारखान्यातूनच सदोष आला होता, तो बदलला, पूर्वीचा अहवाल मागे घेतला, दिलगीर आहोत. आत्याच्या नावानं, मराठीत.

आणि मी हिरमुसले. छापलेला गठ्ठा माझ्या खाटेखाली होता. मला चौक हवा होता. पप्पा म्हणाले, "मान्य केलं त्यांनी. आता वाटलंस तर ते खोटं पत्रक."

"दुकानदारानं कुठं मान्य केलंय?"

"मग त्याला विचार."

गठ्ठा बॅगेत भरून मी आत्याला घेऊन दुकानात गेले. दुकानदार उभाच राहिला. "या मावशी! झालं ना काम?"

आत्यानं कागद काउंटरवर ठेवला. "वाचा."

तो पुटपुटत वाचायला लागला.

"मोठ्यानं. मला ऐकू कमी येतंय." आत्याला भिंतीपलीकडचं कुजबुजलेलं ऐकू येतं.

त्यानं मोठ्यानं वाचलं. वह्या घेणारी पोरं थांबून ऐकू लागली. "दिलगीर आहोत"वर त्याचा आवाज पडला, तर आत्या म्हणाली, "हां, ते पुन्हा." त्यानं ते पुन्हा वाचलं. मग खाली बघूनच म्हणाला, "माझं बोलणं चुकलं, मावशी."

आत्यानं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि पायऱ्या उतरून गेली. बरं म्हणाली नाही, असू द्या म्हणाली नाही.

दुकानदारानं माझ्या उघड्या बॅगेकडं हात केला. "आता ती पत्रकं देऊन टाका, ताई. विषय संपवू."

"वाटणार न्हाई. शब्द हाय."

"मग द्या की."

"देणारबी न्हाई."

"ठेवून काय करणार रद्दी?"

"उद्या तुमच्याकडं दुसरी एखादी मावशी येईल," मी म्हणाले आणि बॅगेची चेन लावली.

तो हसला, पण या वेळी पोरांकडं न बघता. बाहेर आत्या पेरूवाल्याशी भावावरून कडाकडा भांडत होती.