अक्कांनी थांबवलेली फायनल

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमळनेरच्या स्टँडवर होते. त्यांना बघायला दवाखान्यातच निघाले होते. जळगावची गाडी समोर लागलेली, ती मी तशीच जाऊ दिली…

जळगावच्या बॅडमिंटन हॉलमध्ये त्या आम्हा मुलींना शिकवायच्या. मे महिन्यात तिथे उभं राहणंसुद्धा शिक्षा असायची. वाऱ्यानं शटलचं फूल भरकटतं म्हणून खिडक्या बंद, पंखेही बंद. आम्ही घामानं निथळायचो. अक्का थोड्या लंगडत कोर्टाच्या कडेनं फिरायच्या आणि फुलाकडे न बघता आमच्या पायांकडे बघायच्या. पाऊल जड पडायला लागलं, मारताना कोपर खाली आलं, की लगेच हाक, "बाहेर ये, मीठ-लिंबाचं पाणी पी." आम्हाला तो अपमान वाटायचा. दमणं म्हणजे कमी पडणं, अशीच आमची समजूत.

धुळ्याला माझी पहिली फायनल होती. भडगावजवळच्या आमच्या गावाहून आबा, म्हणजे माझे वडील, मुद्दाम आले होते. तिसऱ्या गेममध्ये मी पुढे होते, पण पोटरीत गोळे येत होते आणि माझे फटके अर्ध्या कोर्टातच पडत होते. बाजू बदलताना अक्का जवळ आल्या, खाली बसल्या आणि पोटरीवर हात ठेवला.

"बस कर आता."

"अक्का, मी जिंकतेय!"

"तू पुढे शेस, पन पाय मांगे राही गया," त्या हळूच म्हणाल्या. चिडल्यावर नाही, पण काळजी वाटली की त्या गावाकडची अहिराणी बोलायच्या. "तू नाही म्हणालीस तर मी अडवणार नाही. पण माझं ऐक."

मी रडत रडत पंचांना सांगितलं आणि सामना सोडला. आबा वर गॅलरीतून ओरडत होते. परतीच्या एसटीत ते रागानं पुढच्या सीटवर जाऊन बसले. अक्का माझ्या शेजारी बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी आपल्या लंगडण्याबद्दल सांगितलं. त्या माझ्याएवढ्या असताना अशाच एका सामन्यात पाय नको म्हणत होता, लोक टाळ्या वाजवत होते… त्या खेळत राहिल्या. शेवटच्या गुणाला टाचेवरची शीर तुटली. "सामना जिंकले गं मी," त्या म्हणाल्या, "पण तो शेवटचाच." पुढच्या सीटवरच्या आबांची मान किंचित वळलेली मला दिसली.

वर्षभर अक्कांनी मला जेवढं खेळवलं तेवढंच थांबवलं. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, आणि मी हरले. पण शेवटच्या गुणापर्यंत पाय माझे होते. आबा खाली आले, थेट अक्कांसमोर उभे राहिले.

"अक्का, पोर हरनी, पन शेवटला बी पयत व्हती."

पोर शेवटीही पळत होती, हे आबांच्या तोंडून ऐकून अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. मी आज चाळिशी ओलांडली तरी खेळते, ते त्या थांबवण्यामुळे.

अक्का गेल्यानंतर पहिल्यांदाच, गेल्या आठवड्यात त्या हॉलमध्ये गेले. आता तिथे दुसऱ्या बाई शिकवतात. खेळ संपला, तशा मुली आपणहून भिंतीशी गेल्या, जमिनीवर आडव्या झाल्या आणि पाय भिंतीला टेकवून शांत पडून राहिल्या. दमलेल्या पायांसाठी अक्कांनी आम्हाला लावलेली ही रोजची शेवटची सवय. यातल्या निम्म्या मुलींनी अक्कांना पाहिलेलंही नाही. भिंतीवर तेवढ्याच उंचीवर टाचांचे काळपट डाग पडलेत, वर्षानुवर्षांचे. मी चपला काढल्या आणि त्यांच्या ओळीत जाऊन पडले…