अंगणातली वैशाखी द्राक्षं

दिग्रसला आमचं घर कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत होतं आणि बाबा त्याच जिनात फिटर होते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागायची. आईने वाळत घातलेल्या कपड्यांवर रुईचे तंतू येऊन बसायचे. ती ते झटकायची आणि पुटपुटायची, पण त्या पुटपुटण्यात राग नसायचा. जिन चालू आहे एवढाच त्याचा अर्थ होता.

दर हिवाळ्यात एक काश्मिरी शालवाला सायकलवर गाठोडं बांधून गल्लीत यायचा. एकदा आमच्या दारातच त्याच्या सायकलीची चेन तुटली. बाबांनी ती जोडून दिली, आईने चहा दिला. चहा पिता पिता तो आमच्या रिकाम्या अंगणाकडे बघत राहिला.

"हमारे आँगन में अंगूर है," तो म्हणाला. "पूरी सर्दी बर्फ में दबा रहता है, मरता नहीं. और सबसे पहले पकता है."

"आमच्या इकडे बर्फ नाई, आग पडते," बाबा हसले.

"तो क्या हुआ? जल्दी पकेगा ना. बारिश से पहले खा लेना."

बाबांच्या डोक्यात ते बसलं. पुढच्या हिवाळ्यात शालवाला आला तेव्हा शालींच्या घडीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन काड्या होत्या. दोन वाळल्या. तिसरीचा एक डोळा होळीच्या आधी फुटून कोंब आला. बाबा कामावरून आले की हातपाय धुण्याआधी तिच्यापाशी जाऊन बसत. जिनाच्या भंगारातले पाइप मागून आणून त्यांनी तिच्यासाठी मांडव उभा केला.

त्या वेलीची एक अडचण होती. तिला थंडी हवी होती आणि आमच्याकडची थंडी तिला पुरत नव्हती. पौष आला तरी पानं गळायची नाहीत. मग बाबा संक्रांतीच्या आधी तिचं पाणी तोडायचे आणि स्टुलावर उभं राहून एकेक पान हाताने काढायचे.

"अवो, हिरवीगार वेल हाय," आई कळवळून म्हणायची, "काहून सोलून राह्यले तिले?"

"सोलून नाई, झोपवून राह्यलो. थंडी झोपवत नाई तिले, मंग आपल्यालेच झोपवा लागते."

पानं काढली की ते प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर छाटत. आईला ते उघडे दांडे बघवायचे नाहीत, ती आत निघून जायची.

वेलीने पहिल्यांदा फळ धरायच्या आदल्या वर्षी जिन बंद पडलं. आधी दोन हंगाम गाड्या कमी कमी होत गेल्या होत्या. बोंडांत अळी, बाजारात भाव नाही, शेतकरी दुसरं काहीबाही पेरायला लागले. बाबा काही दिवस बंद गेटपर्यंत जाऊन परत यायचे. मग त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीचा गुजरातेतून निरोप आला, इकडे जिनं चालू आहेत, फिटर लागतो. दसरा झाला आणि बाबा गेले.

तिकडे संक्रांतीला जिनाला सुट्टी असायची. बाबा ती धरून चार दिवसांसाठी यायचे. त्यातले दोन प्रवासात जात आणि उरलेले दोन स्टुलावर. पण वैशाखात, द्राक्षं पिकायच्या वेळी, तिकडे मशिनी खोलून दुरुस्त करायचं काम चाले. तेव्हा एकाही फिटरला सोडत नसत. म्हणजे बाबांच्या वाट्याला छाटणी आली आणि द्राक्षं आमच्या.

रविवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांचा फोन यायचा. मी तेव्हा नववीत होते. दुकानदार हाक मारायचा आणि आई मलाच पुढे ढकलायची.

"मणी केवढे झाले?" बाबांचा पहिला प्रश्न.

"ज्वारीएवढे."

पुढच्या रविवारी वाटाण्याएवढे. मग महिनाभराने एका रविवारी मी सांगितलं, "बाबा, रंग आला. गुलाबी गुलाबी."



"तुह्या आईनं खाल्ले का?" त्यांनी विचारलं.

आईने खाल्ले नव्हते. तिने आम्हा दोघी बहिणींना वाटीभर दिले, शेजारी दिले, विहारात नेऊन ठेवले. स्वतः मात्र एक मणीही तोंडात टाकला नाही. सगळ्यांत भरलेला एक घड तिने मलमलच्या पिशवीत बांधून वेलीवरच ठेवला, बुलबुलांपासून वाचवून. "येतीलच या आठवड्यात," ती म्हणायची. पण तिकडे मशिनीचा कुठलासा सुटा भाग वेळेवर मिळाला नाही, काम अडलं आणि बाबांचं येणं लांबत गेलं. आई रोज सकाळी पिशवी बाहेरूनच चाचपायची. उघडून बघायची नाही.

ते आले तेव्हा मृग लागून गेला होता. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी पिशवी सोडली. वरचे मणी सुरकुतले होते, खालचे फुटून आंबले होते आणि त्यांवर मुंग्या.

"ठेवून पाह्यला वो मी," आई म्हणाली.

बाबांनी मुंग्या फुंकल्या. शोधून तीन चांगले मणी काढले. एक स्वतः खाल्ला, एक आईच्या हातावर ठेवला आणि तिसरा पुन्हा तिच्याच हातावर.

"गोड हाय," ते म्हणाले. "खाऊन तं पाय."

आई तिथेच पायरीवर बसून रडत रडत ते मणी चघळत राहिली. मला त्या वयात हसू आलं होतं.

असे सात वैशाख गेले. आठव्या वर्षी बाबा कायमचे परत आले, छातीत रुईची धूळ भरून. त्या उन्हाळ्यात त्यांनी पहिल्यांदा आपल्या वेलीची द्राक्षं मांडवाखाली बसून खाल्ली. घड वाटायला निघाले, तर कोणत्या घरात आता कोण राहतं ते आईला विचारावं लागलं. गल्लीतल्या लहान मुलांना ते पाहुणे वाटत होते. असे दोनच उन्हाळे त्यांना मिळाले.

ते गेल्यावर आईने पहिल्या संक्रांतीला वेलीला हात लावू दिला नाही. वेल रानासारखी माजली, फळ आलं नाही. दुसऱ्या संक्रांतीला मी मारेगावहून, माझ्या सासरहून, गेले होते. आई कात्री घेऊन अंगणात उभी होती.

"स्टूल धर," ती म्हणाली.

तिने पहिलं पान काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि मग दुसऱ्याला हात घातला. दुपार कलेपर्यंत ती काढत होती, मी स्टूल धरून होते.