साहेबांनी मला वर बोलावलं

रोह्याच्या कॉलेजात मी विद्यार्थी प्रतिनिधी होतो. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून झालो, पण रुबाब आमदाराचा. नेतृत्व शिबिरात एका कंपनीतले मोठे साहेब बोलायला आले, तेव्हा त्यांचं भाषण मी शब्दन् शब्द उतरवून घेतलं. माणसं कशी हाताळायची ते अनुभवी अधिकाऱ्याकडूनच शिकावं, अशी माझी ठाम समजूत होती.

वर्गात डोंगराकडच्या कातकरी वाडीतली एक मुलगी होती. बारावीच्या पुढे गेलेली त्या वाडीतली पहिलीच. वाडीखालून त्याच कंपनीची सकाळच्या शिफ्टची बस जायची आणि ड्रायव्हर कॉलेजच्या चार-पाच पोरांना मागे बसू द्यायचा. एक दिवस कंपनीने ते बंद केलं. आता तिला दीड तास चालत यावं लागायचं.

आम्ही चाळीसेक जण कंपनीच्या गेटसमोर बसलो, नेमकं शिफ्ट सुटायच्या वेळेला. ही अक्कल तिचीच. "गाड्या अडकल्या का सायब खाली येतील," ती म्हणाली होती.

साहेब खाली आले नाहीत. त्यांनी मला वर बोलावलं, एकट्यालाच.

"बसा. तुमच्यात मला लीडर दिसतो," ते म्हणाले. चहा आला. तोवर मला अहो-जाहो करणारा एकही मोठा माणूस भेटला नव्हता. मी विरघळलो. "लीडरने आधी आपली माणसं शांत करायची असतात. मागणी रास्त आहे, मी वर मांडतो. तुम्ही फक्त गेट मोकळं करा." बस कधीपासून, हे मी विचारलंच नाही. विचारणं पोरकट वाटलं.

खाली येऊन मी सगळ्यांना उठवलं. ती उठेना.

"गाडी कवापासना?"

"विषय वर गेलाय."

"वर म्हंजे कुठं?"

सगळ्यांसमोर विचारलं म्हणून मला तिचा संताप आला. "तुला यातलं काय कळत नाय. ऊठ," मी म्हणालो. ती उठली. गाड्या सुटल्या.

दिवाळीपर्यंत ती चालत आली, मग यायची थांबली. मी तीनदा कंपनीत जाऊन आलो. तिन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये होते. चौथ्यांदा मी गेलो नाही, आणि याची लाज मला अजून वाटते.

गेल्या वर्षी ती पेणच्या स्टँडवर भेटली. डोलवीकडे कंत्राटावर साफसफाईला जाते म्हणाली. मी त्या दिवसाचं काढून माफी मागायला लागलो, तर तिने मलाच समजावलं.

"तू तरी काय करणार? सायबांनी बोलावलं, तू गेलास. मला बोलावलं असतं तर मीपण गेली असती."

ती गेली नसती.