अंधारात शिकलेली मशीनगन

लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला मशीनगनचा इतिहास ऐकवला. इतर घरांत नव्या सुनेला फोटोंचे अल्बम दाखवतात, आमच्याकडे हे! तरुणपणी ते फौजेत मशीनगन शिकवायचे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले.

सुरुवातीच्या गनचं हँडल माणसाला फिरवत राहावं लागे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की गोळी सुटताना बंदूक खांद्याला जो दणका देते, तो फुकट का घालवायचा? त्याच दणक्याने रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाणी. ते उकळलं की वाफ रबरी नळीतून डब्यात उतरायची, त्यामुळे पाणी वाचायचं आणि शत्रूला वाफ दिसायची नाही. पुढे पाणी गेलं, जाड नळ्या आल्या, तापल्या की बदलायच्या. चिलखती गाड्या आणि विमानांवर मारा करायला काडतुसं अंगठ्याएवढी जाड झाली.

"केलंय माणसं मारायला, ते विसरायचं नाही," अण्णा मध्येच म्हणत. "पण करणाऱ्याचं डोकं बघ की!"

मला अण्णांचंच कौतुक वाटायचं. जवानांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ते गन खोलायला शिकवत. प्रत्येक भाग हातात आला की त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि डावीकडून उजवीकडे मांडून ठेवायचा. गन अडली तर धडपडायचं नाही, बाजूच्या हँडलवर हात ठेवायचा. ते कुठे थांबलंय, त्यावरून आत काय अडलंय ते कळतं.

काही वर्षांनी काचबिंदूने अण्णांची दृष्टी गेली. तोवर सासूबाई गेल्या होत्या आणि आम्ही नोकरीपायी इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ फ्लॅट घेतला होता. चामराजपेटच्या जुन्या घरात अण्णा एकटेच. नवऱ्याने त्यांना आमच्याकडे न्यायचं ठरवलं. त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती, हे मी बघत होते. पण तिसऱ्या मजल्यावर, ओळखीचा एकही आवाज नसलेल्या इमारतीत, अण्णा खुर्चीत बसून संपतील, हेही मला दिसत होतं.

"रविवारी या. चहा करून देतो," अण्णा फोनवर त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले. "जमला नाही तर तू म्हणशील तिथे येतो. सरी? ठीक?"

रविवारी आम्ही गेलो. अण्णांनी स्वयंपाकघर गनसारखं मांडलं होतं. आधण ठेवताना पुटपुटत होते, "पातेलं. झाकण. गाळणी." मग चहाच्या डब्यासाठी हात टाकला आणि केळ्यांवर पडला. आल्या आल्या नवऱ्याने फळं ठेवायला डबे सरकवले होते! नवरा पुढे धावला.

"स्वल्प थांब रे," अण्णा म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला, तळहात ओट्यावर टेकवला आणि नुसते उभे राहिले. चाचपडणं नाही, चिडचिड नाही. "केळी. म्हणजे तूच ठेवलीस. डावीकडे शेगडी आहे, तिथे तू काही ठेवणार नाहीस. म्हणजे डबे उजवीकडे." हात ओट्यावरून सावकाश सरकला. "मीठ. साखर. चहा." नावं घेताना आवाज असा खणखणीत, की समोर जवानांची रांग उभी असावी. काय माणूस होता!

चहा फक्कड झाला होता. नवरा कप हातात धरून रडत होता, आणि ते अण्णांना न दिसताही कळलं असणार.

शेवटी नवऱ्याने नाक पुसलं. "अण्णा, केळी उचलतो मी. डबे कुठे ठेवू?"

"होते तिथे," अण्णा म्हणाले. "मलापण."