डोक्यातला पेन

फणीमामी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. डोक्याकडे बघून बोलत. समोरचा उंच असला तर टाचा उचलून बघत, आणि ठेंगणा असला तर त्यांची सोयच होई. इस्त्रीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत इमारतीतल्या प्रत्येकाच्या भांगाची त्यांना खडान् खडा माहिती होती. नावं विसरत, पण डोकी विसरत नसत. "कोण गं ती? ती, मागें दोन भोवरे असलेली?" असं विचारत. मला हे अगदी असह्य होई. आपण चांगला नवा ड्रेस घालून निघावं आणि या बाईंनी केसांच्या मुळांकडे रोखून बघत "बरी आहेस काय?" म्हणावं!

मामी तळमजल्यावर एकट्या राहायच्या. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. मुली खाली मान घालून टाके घालत आणि मामी मागे उभ्या राहून बघत. तिथूनच ही नजर आली असणार. माहेर-सासर दोन्ही तंजावरच्या मराठ्यांचं. त्यांची मराठी ऐकली की जुनी बखर कुणी तमिळ चालीत वाचतंय असं वाटे. आपण चहा-बिहा म्हणतो, त्या चहा-गिहा म्हणत. आम्ही चेन्नईत नवे. मी कंप्युटरवाली, नवरा गाड्यांच्या कारखान्यात. मराठी बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून आधी मला फार आनंद झाला होता. तो आनंद लिफ्टमध्ये संपला.

माझी मुलगी ईरा तिसरीत. कमरेपर्यंत दाट केस, आणि माझं बघून अंबाड्यात पेन खोचून ठेवायची सवय. एक दिवस लिफ्टमध्ये मामी तिच्या डोक्यावर वाकल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यांत पेन आहे."

मी हसले. "हो ना मामी. माझीच सवय लागली तिला."

मामी एक पाऊल मागे सरकल्या. "तुजही आहे?"

"कायमचा. ऑफिसात तर कधीकधी दोन-दोन असतात."

"आणि नवऱ्यास?"

"त्याच्या खिशात असतो."

पहिला मजला आल्याबरोबर मामी उतरल्या. त्यांचं तिथे काहीही काम नव्हतं. म्हातारी जरा विचित्र आहे, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

दोन आठवड्यांनी शाळेच्या डायरीत चिठ्ठी आली. मुलीच्या डोक्यात उवा आहेत, कृपया उपचार करावेत. माझा संताप संताप झाला. आमच्या घरात उवा? आठवड्यातून तीनदा न्हाऊ घालते मी तिला! डोकं न बघताच मी खाली लिहून पाठवलं, "उवा नाहीत, कोंडा आहे." मग बघितलं. कोंडा चालत होता.

औषधाच्या दुकानात त्या दुकानदाराला काही केल्या कळेना. शेवटी मी भर गर्दीत डोकं खाजवून दाखवलं. तेव्हा तो साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पेनुक्का?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तमिळमध्ये उवेला पेन म्हणतात. मामींच्या घराण्यातून ऊ हा शब्द कधीच गळून गेला होता आणि तमिळ पेन तिथे येऊन बसला होता. ऑफिसात माझ्या दोन-दोन असतात आणि नवरा खिशात घेऊन हिंडतो, असं मी त्या बाईंना हसत हसत सांगितलं होतं.

तोंड लपवून तळमजल्यावरून जात होते, तर मामींनी दारातच पकडलं. सगळं ऐकून घेतलं. हसल्यासुद्धा नाहीत. "लिहायचा तो पेना, चावायचा तो पेन. एवढें कळत नाही, मग काय शिकलीस?" म्हणाल्या. मग ईराचं नाव पहिल्यांदाच नीट ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. लिखेला तमिळमध्ये ईर म्हणतात. "नांवच ईरा ठेविलें, आतां आणखी काय होणार!"

त्या दिवसापासून मामी आमच्या घरात घुसल्या. मी तोवर चादरी उकळल्या होत्या, उशा प्लॅस्टिकमध्ये बांधल्या होत्या आणि सोफ्यावर कसला तरी फवारा मारायच्या बेतात होते. मामींनी तो हिसकावून घेतला. "सोफ्यास रक्त आहे काय? डोक्यावरून पडला की पेन दोन दिवसांत मरतो. तूं पोरीचें डोकें सोडून सोफा विंचरतेस." साताऱ्याहून आई फोनवर रॉकेल चोळ म्हणून सांगत होती. तेही मामींनी ऐकलं. "रॉकेल दिव्यास. पोरीस नको. कातडी भाजेल, ठिणगी पडली तर पोरगी जाईल." मी माझ्या आईच्या वतीने वाद घालायचा प्रयत्न केला. मामी माझ्या भांगाकडे बघत राहिल्या. अर्थात माझ्याही डोक्यात निघाल्याच.

मामींची फणी शिसवी होती, दोन्ही बाजूंनी दात, त्यांच्या आईची. फणी हा शब्द मीच विसरले होते. आमच्याकडे सगळे कंगवेच. मामींची रीत ठरलेली. केस ओले करायचे, कंडिशनर हात सैल सोडून चोपडायचा, कपड्यांच्या चिमट्यांनी केसांचे भाग करायचे, आणि एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरायची. प्रत्येक वेळी फणी पुसायची ती रोज एक पान फाडायच्या तारखेच्या कॅलेंडरच्या पानावर. हे दर तिसऱ्या दिवशी, तीन आठवडे. औषध एकदा लावलं की संपलं, असं मला वाटत होतं. मामी म्हणाल्या, "लाव की. डॉक्टरास विचारून, आठवड्याने पुन्हा लाव. पण लीख औषधास भीत नाही. आज मेले ते मेले, आठ दिवसांनी जन्मतील त्यांस कोण धरणार? तुझा पेना?"

एवढं सगळं शास्त्रशुद्ध, पण राहुकाळात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, फणी लावायची नाही. त्याच कॅलेंडरच्या पानावर राहुकाळ छापलेला असे. ऑफिसची मीटिंग टाळून मी कंडिशनर घेऊन उभी, आणि मामी घड्याळाकडे बघत बसलेल्या! मी एकदा चिडून म्हटलं, "मामी, उवांना राहुकाळ कळतो का?" त्या म्हणाल्या, "त्यांस कळत नाही म्हणून तर ते सांपडतात."

आमचं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून झालं. मी शाळेत खोटं लिहिलं होतं, आणि आता खरं सांगायची माझी तयारी नव्हती. वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर जाऊन काय सांगू, आम्हाला उवा झाल्या म्हणून? ईरालाही मी दटावलं होतं, कुणाला बोलायचं नाही. मामी रोज टोचत. "पेन उडत नाही, कुदत नाही. डोक्यास डोकें लागलें की चालत जातो. ही आणि ती नित्या एका बांकावर डोकें जोडून बसतात. तिच्या आईस सांग." मी म्हणायचे, बघू. तीन आठवड्यांनी ईराचं डोकं स्वच्छ झालं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा उवा. मी मामींवरच चिडले. तुमच्या फणीत काही दम नाही, असंही बोलून गेले.

त्याच दिवशी ईरा शाळेतून आली ती डोक्याला रुमाल बांधून. वर्गाच्या बाईंना उवा दिसल्या होत्या आणि त्यांनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं. नित्याने डबा वाटून घेतला नव्हता. आल्या आल्या तिने विचारलं, "आई, मी घाणेरडी आहे का? म्हणून तू कुणाला सांगत नाहीस का?"

मला फक्त एवढंच सुचलं की केस कापून टाकावेत, अगदी बारीक, म्हणजे प्रश्नच मिटला. कात्री घेऊन तिला बाल्कनीत बसवलं. मामी आल्या, कात्री बघितली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघून बोलल्या.

"मी नऊ वर्षांची होतें. पेन झाले म्हणून माझी मोट्टै केली. पूर्ण तासलें डोकें. केस गेले त्याचें काय नाही, केस येतात. पण मग वर्षभर कोणी माझ्या डोक्यास हात लाविला नाही. आईनेसुद्धा नाही. तेल मीच लावून घेत असें." मग ईराला जवळ ओढून तिच्या त्या उवांनी भरलेल्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "पेन घाण बघत नाही, पोरी. डोकें बघतो. राणीचेंही चालतें त्यास."

मला इतकी लाज वाटली की मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं. ईराच्या डोक्यात उवा आहेत, आधी मी खोटं बोलले, कृपया सगळ्यांनी आपापल्या मुलींची डोकी बघावीत. मी फोन उलटा ठेवला. मग नित्याच्या आईचं आलं, आमच्याकडेही आहेत, महिना झाला, सांगायला लाज वाटत होती. मग आणखी एकीचं. संध्याकाळपर्यंत सातजणी निघाल्या. त्या रविवारी मामींच्या दारापुढे राहुकाळ टाळून सात मुली ओळीने बसल्या आणि सातही आया मामींच्या शिव्या खात फणी धरायला शिकल्या. ईरा सोमवारी नित्याशेजारी बसली, केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून.

यानंतर मामी आणि मी गुण्यागोविंदाने राहिलो असं नाही. दर शनिवारी डोकं तपासायला त्या येतच राहिल्या, कधीही, न विचारता. पाहुण्यांसमोर माझ्या नणंदेचा भांग त्यांनी उघडून बघितला. तिने अजून मला माफ केलेलं नाही.

गेल्या वर्षी मामी जिन्यात पडल्या आणि उजव्या हाताला प्लॅस्टर बसलं. कोइंबतूरहून मुलगा त्यांना न्यायला येईपर्यंतचे दहा दिवस ईरा शाळेत जाण्याआधी खाली जाऊन त्यांचे केस विंचरून देई. इन मीन वीतभर पांढरे केस, पण सूचना भरपूर. भांग वांकडा, वेणी ढिली, हात जड. मुलगा यायच्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ईराची वेणी घालून झाली होती. तिने मागून मामींच्या गळ्यात हात टाकले आणि आपलं डोकं त्यांच्या डोक्याला टेकवलं.

"डोक्यास डोकें लावूं नको," मामी पुटपुटल्या.

"तुम्हाला पेन नाही, मामी. मी बघितलं."

"नीट बघितलेंस?"

"नीट. राहुकाळ नव्हता."

मामी डोळे मिटून, डोकं तसंच टेकवून बसून राहिल्या. मी चहा तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन थांबले.