टोकाची खरखर

उमरग्यात माझी दाढी करणाऱ्या न्हावीकाकांना आता धूसर दिसतं, तरी ते वस्तऱ्याला दगडावरच धार लावतात.

"ब्लेड का वापरत न्हाय तुम्ही?" मी एकदा चिडून विचारलं. त्यांनी वस्तराच माझ्या हातात दिला. मी तो दगडावर जोरात घासायला लागलो.

"दाबू नका. वस्तऱ्याची पाठ दगडावरनं उचलायची न्हाय, तिच्यावरच पातं पालटायचं."

मला जमेना. मग ओल्या दगडावर त्यांनी डोळे मिटून वस्तरा फिरवला, इतका हलका की मनगट हलल्याचंही कळेना. मध्येच थांबले.

"टोकाला खरखर वाजतीय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आणखी चार हात फिरवून त्यांनी वस्तरा माझ्या दंडावरून नेला. केस गेले, पातं लागल्याचं कळलंसुद्धा नाही.

मी खुर्चीत बसलो आणि न सांगता मान वर केली.